बोर्डावरचं यूएसबी-सी सॉकेट: आधी डबा ठरवा, मग पिना मोजा

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या गाळ्यांमध्ये छोटी इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणाऱ्यांकडे हल्ली एक मागणी हमखास येते: "चार्जिंगला सी-टाइप द्या." ड्रिपचा टायमर असो, पॅनेलवरचा डेटा लॉगर असो की द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजणारं यंत्र असो, गिऱ्हाइकाला घरातला मोबाइलचा चार्जरच याला लागायला हवा असतो. मागणी रास्त आहे. पण ती ऐकली की पुष्कळ डिझायनर लायब्ररी उघडतात, सोळा पिनांचं पहिलं दिसेल ते सॉकेट बोर्डाच्या कडेला ठेवतात आणि डब्याचा विचार पुढच्या महिन्यावर ढकलतात. भानगडी तिथूनच सुरू होतात.

माझं मत सरळ आहे. यूएसबी-सीचं सॉकेट हा आधी यांत्रिक भाग आणि मग विजेचा. सर्किटच्या बाजूने त्याला दोन रेझिस्टर आणि थोडंसं संरक्षण पुरतं. यांत्रिक बाजूने मात्र ते हजारो वेळा ढकललं, ओढलं, तिरकं वाकवलं जातं, आणि ते बोर्डाला धरून असतं जेमतेम चार पायांवर. म्हणून निवड डब्यासोबत करायची.

सोयीसाठी लेखभर एकच उदाहरण धरतो: पिंपळगाव बसवंतच्या बागेत खांबावर बसवायचा ओलाव्याचा लॉगर. आत ईएसपी३२ (वाय-फायवाला मायक्रोकंट्रोलर) आणि एक लिथियम सेल. अधूनमधून चार्जिंग, कधीतरी लॅपटॉपला जोडून डेटा काढणं. पहिली खेप दोनशे नगांची.

पहिली पायरी: काम कागदावर उतरवा

सॉकेटमधून फक्त वीज जाणार की डेटाही? ५ व्होल्ट पुरतात की जास्त लागणार? जास्तीत जास्त करंट किती? केबल दिवसातून कितीदा लागणार, आणि लावणारा माणूस कोण? टेबलावर बसलेला इंजिनीअर केबल नीट सरळ लावतो. फवारणी करून आलेला माणूस हाताला लागलेल्या चिखलासकट, संध्याकाळच्या अंधारात, चाचपडत लावतो. शेवटचा प्रश्न, बिघडल्यावर दुरुस्ती कुठे होणार?

आपल्या लॉगरची उत्तरं: ५ व्होल्ट, १ अँपिअर, साधा यूएसबी २.० डेटा, वापर कमी पण आडदांड, जागा उघड्यावर. दुरुस्ती गाळ्यावरच. या पाच-सहा ओळी लिहिल्या की कॅटलॉगमधली निम्मी सॉकेटं आपोआप गळतात.

दुसरी पायरी: सहा, सोळा की चोवीस

२०१४ साली आलेल्या यूएसबी-सीच्या मूळ प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) सॉकेटला चोवीस कॉन्टॅक्ट आहेत, वर बारा आणि खाली बारा. वरच्या ओळीला ए१ ते ए१२ आणि खालच्या ओळीला बी१ ते बी१२ म्हणतात. चारही टोकांना ग्राउंड, चार ठिकाणी व्हीबस (विजेची प्लस पिन), ए५ आणि बी५ वर सीसी (समोर कोण आहे ते ओळखणारी पिन), ए६-ए७ व बी६-बी७ वर यूएसबी २.० च्या डेटा लाइन, ए८ आणि बी८ वर एसबीयू (जादा कामांच्या पिना). उरलेल्या आठ पिना सुपरस्पीडच्या, म्हणजे जास्त वेगाच्या डेटाच्या.

सुपरस्पीड नको असेल तर त्या आठ पिना काढून टाकलेलं सोळा पिनांचं सॉकेट घ्यायचं. मायक्रोकंट्रोलरच्या कामांपैकी बहुतेकांना तेच योग्य. डेटाच नको असेल तर सहा पिनांचं, त्यात दोन व्हीबस, दोन ग्राउंड आणि दोन सीसी. पॅड मोठे, हाताने सोल्डर करायला सोपं, किंमत कमी. फक्त दोनच व्हीबस पिना असल्याने करंटचा आकडा डेटाशीटमधून घ्या, चार पिनांचा हिशेब त्याला लावू नका.

बाजारात दोन पिनांची सॉकेटंही मिळतात, ज्यांत सीसीच नसतो. ती घेऊ नका. जुन्या ए-टू-सी केबलवर ती छान चालतात, म्हणून टेबलावर काही कळत नाही. गिऱ्हाइकाने नव्या फोनची सी-टू-सी केबल लावली की यंत्र मेल्यासारखं पडून राहतं आणि फोन तुम्हाला येतो.

सोळा पिनांच्या सॉकेटची एक खोच ले-आउट करताना समजते. मधल्या पॅडचा क्रम असा येतो: बी८, ए५, बी७, ए६, ए७, बी६, ए८, बी५. म्हणजे डेटाचे चार पॅड मायनस, प्लस, मायनस, प्लस असे आलटून-पालटून बसतात. दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र जोडायचे तर एक जोडी दुसरीवरून न्यावीच लागते. ही उडी सॉकेटच्या अगदी मागे, दोन छोट्या व्हायांनी (बोर्डाचे थर जोडणाऱ्या भोकांनी) मारा आणि तुकडा शक्य तितका आखूड ठेवा. पुढे नव्वद ओहमची जोडी सरळ चिपपर्यंत. ईएसपी३२ च्या ज्या प्रकारांत यूएसबी आतच आहे, त्यांतल्या बहुतेकांत वेग फक्त १२ मेगाबिट असतो, त्यामुळे फार घाम गाळायची गरज नाही. ४८० मेगाबिटला मात्र ही शिस्त लागतेच.

चोवीस पिनांचं सॉकेट फक्त सुपरस्पीड किंवा डिस्प्ले लागत असेल तरच. त्यात दोन तऱ्हा: दोन्ही ओळी एसएमटी (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या), किंवा एक ओळ एसएमटी आणि दुसरी बोर्डातून आरपार. पहिल्या तऱ्हेत आतली ओळ शेलखाली (धातूच्या कवचाखाली) झाकली जाते, डोळ्याने तपासता येत नाही. एक्स-रे असलेला असेंब्लीवाला जवळ नसेल तर दुसरी तऱ्हा बरी.

तिसरी पायरी: सीसीचे दोन रेझिस्टर, आणि दोनच

चार्जर सीसी पिनांवर नजर ठेवून असतो. तिथे ५.१ किलोओमचा रेझिस्टर ग्राउंडला दिसला की त्याला समजतं, समोर वीज घेणारं यंत्र आहे, आणि मगच तो व्हीबसवर ५ व्होल्ट सोडतो. रेझिस्टर दोन हवेत, ए५ ला एक आणि बी५ ला एक, वेगवेगळे. दोन्ही पिना जोडून एकाच रेझिस्टरवर आणल्या तर साध्या केबलवर काम होतं, पण ज्या केबलमध्ये ई-मार्कर (केबलची क्षमता सांगणारी) चिप असते तिच्यावर चार्जर गोंधळतो, समोर ऑडिओ ॲडाप्टर आहे असं समजतो आणि वीज देत नाही. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत नेमकं हेच झालं होतं, नंतरच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. एवढ्या नावाजलेल्या बोर्डावर जे सुटलं ते आपल्या बोर्डावर सुटू नये म्हणून स्किमॅटिक छापून या दोन रेझिस्टरांवर लाल पेनाने खूण करा.

रेझिस्टर खरेच लावा. मायक्रोकंट्रोलरच्या पिनेने ती रेषा खाली ओढायची हुशारी इथे चालत नाही. सेल पूर्ण उतरला की कंट्रोलर झोपलेला, रेषा मोकळी, चार्जर वीज देत नाही आणि वीज नाही म्हणून कंट्रोलर उठत नाही.

चार्जर किती करंट देऊ शकतो तेही याच पिनेवर कळतं. चार्जरच्या बाजूला ५ व्होल्टला जोडलेला रेझिस्टर ५६ किलोओमचा असेल तर सीसीवर साधारण ०.४२ व्होल्ट येतात, म्हणजे यूएसबीचा मूळ करंट. २२ किलोओमला ०.९४ व्होल्ट, म्हणजे १.५ अँपिअर. १० किलोओमला १.६९ व्होल्ट, म्हणजे ३ अँपिअर. मायक्रोकंट्रोलरच्या एडीसी (व्होल्टेज मोजणाऱ्या) पिनांवर हे वाचता येतं. केबल कोणत्याही बाजूने लागू शकते, म्हणून दोन्ही सीसी वाचा आणि मोठा आकडा धरा. लॉगरला १ अँपिअर हवा, तर ०.७ व्होल्टच्या वर दिसलं तरच चार्जिंगचा करंट वाढवायचा.

चौथी पायरी: डबा

इथे घाई करू नका.

सॉकेटचं तोंड साधारण ९ मिमी रुंद आणि ३.२ मिमी उंच असतं. पण डब्याचं भोक या मापाने पाडायचं नसतं. प्लगचा धातूचा भाग ६.६५ मिमी लांब असतो आणि पूर्ण आत गेला की केबलची प्लास्टिकची मूठ सॉकेटच्या तोंडाला जवळजवळ टेकते. प्रमाणानुसार ती मूठ जास्तीत जास्त १२.३५ मिमी रुंद आणि ६.५ मिमी जाड असू शकते. आता समजा डब्याची भिंत २.५ मिमी आहे, सॉकेट तिच्या आतल्या बाजूला टेकलंय आणि भोक फक्त धातूपुरतं आहे. मूठ बाहेरच अडते, प्लग अडीच मिलिमीटर बाहेर राहतो, "टक्" असा जो आवाज यायला हवा तो येत नाही. कधी चार्ज होतं, कधी होत नाही. दोष सर्किटचा वाटतो, आणि असतो भिंतीचा.

यावर दोन उपाय आहेत. एक, सॉकेटचं नाक भिंतीच्या जाडीत घुसवून बाहेरच्या पृष्ठभागाशी सपाट आणायचं. दिसायला सुंदर, पण बोर्ड, स्टँड-ऑफ आणि डबा या तिन्हींच्या मापात शिस्त लागते. दुसरा, भोकच मुठीपेक्षा मोठं ठेवायचं, साधारण १३ बाय ७ मिमी किंवा थोडं जास्त, म्हणजे मूठ भिंतीत शिरते. बाजारातल्या तयार एबीएस डब्यांवर काम करणाऱ्याला दुसरा उपाय सोपा जातो, आणि त्याचा एक फायदा सहसा लक्षात घेतला जात नाही: केबलला कोणी वरून हिसका दिला तर मूठ भोकाच्या कडेवर टेकते आणि जोर डबा घेतो. भोक फार सैल ठेवलं तर हा फायदा जातो. केबल म्हणजे पहारीसारखी तरफच असते. ती कुठे टेकणार हे तुम्ही ठरवा, नाहीतर ती सॉकेटच्या पायांवर टेकेल.

आता बसवण्याची तऱ्हा. बोर्डावर वरून बसणारं सॉकेट सगळ्यात सोयीचं. उंची कमी करायची असेल तर मिड-माउंट, म्हणजे बोर्डाच्या कडेला खाच पाडून सॉकेट अर्धं त्यात बुडवायचं. ते घेताना बोर्डाची जाडी डेटाशीटप्रमाणेच हवी: ०.८ मिमीसाठी बनलेलं सॉकेट १.६ च्या बोर्डावर नीट बसत नाही. उभं सॉकेट, ज्यात केबल बोर्डाला काटकोनात वरून लागते, ते टेबलावरच्या यंत्रापुरतं ठीक. शेतातल्या यंत्रात मी ते टाळतो, कारण केबल आडवी ओढली गेली की उंचीमुळे पायांवर येणारा जोर वाढतो. टाळता येत नसेल तर डब्याच्या झाकणाने सॉकेटला चारी बाजूंनी आधार द्या.

दुरुस्ती गाळ्यावर होणार असेल तर सॉकेट वेगळ्या छोट्या बोर्डावर घेण्याचा विचार जरूर करा. सॉकेट, दोन रेझिस्टर, ईएसडी डायोड (स्थिर विजेचा झटका अडवणारा) आणि मुख्य बोर्डाकडे जाणारा चार-पाच तारांचा कनेक्टर, बस. सॉकेट तुटलं की दोन स्क्रू काढून तुकडा बदलायचा. दोनशे नगांच्या खेपेत हा वाढीव खर्च परवडतो, पाच हजारांत कदाचित नाही.

खांबावरच्या डब्यात सॉकेटचं तोंड खाली ठेवा. याला पैसे लागत नाहीत.

पाचवी पायरी: पाय आणि पॅड

शेलचे चारही पाय बोर्डातून आरपार जाणारे असावेत. फक्त पृष्ठभागावर चिकटलेल्या पायांची सॉकेटं स्वस्त आणि सुटसुटीत असतात, पण हिसक्याला पॅडच तांब्यासकट उखडतात. पायांची लांबीही बघा. १.६ मिमी बोर्डाला आखूड पाय लागले तर खालून सोल्डरचा गोळा दिसतच नाही.

हे पाय गोल भोकात नाही, लांबट खाचेत बसतात. फाइल देताना या खाचा ड्रिल फाइलमध्ये खाचा म्हणूनच गेल्या आहेत ना, आतून प्लेटेड आहेत ना, हे पीसीबीवाल्याकडून लेखी विचारून घ्या. कित्येकदा अशी खाच गोल भोक म्हणून पाडली जाते, मग पाय जात नाहीत आणि असेंब्लीवाला पाय कापून सॉकेट बसवून देतो. त्याच्या दृष्टीने त्याने तुमचं काम वाचवलेलं असतं!

सिग्नलचे पॅड ०.५ मिमी अंतरावर, ०.३ मिमी रुंद. मधे उरते ०.२ मिमी जागा, त्यात सोल्डर मास्कची बारीक पट्टी राहायला हवी. अगदी स्वस्तातल्या बोर्डांवर ही पट्टी गळते आणि पॅड एकमेकांना जोडले जातात. ते जोड कुठे होतात, तर व्हीबसशेजारच्या पिनांवरही.

फूटप्रिंटबद्दल, म्हणजे बोर्डावरच्या पॅड-भोकांच्या आराखड्याबद्दल, आणखी एक. किकॅड या पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत जीसीटी कंपनीचं यूएसबी४१०५, एचआरओ कंपनीचं टाइप-सी-३१-एम-१२ अशी लोकप्रिय सॉकेटं तयार मिळतात. दोन्ही सोळा पिनांची, दिसायला सारखी. तरी एकाच्या जागी दुसरं बसेलच असं धरू नका: पायांच्या खाचा, प्लास्टिकच्या दोन खुंट्यांची भोकं आणि बोर्डाच्या कडेपासूनचं अंतर दोन्ही डेटाशीटमधून पडताळा. डेटाशीटमध्ये "बोर्डाची कड" म्हणून जी रेषा दाखवलेली असते ती तुमच्या बोर्डाच्या कडेवर तंतोतंत आणा. मग फूटप्रिंट खऱ्या मापात कागदावर छापून खरं सॉकेट त्यावर ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

हातानेच सोल्डर करणार असाल तर सगळ्या पिना आरपार असलेलं सॉकेट बघा, जीसीटीचं यूएसबी४०८५ त्यातलं. भोकं बारीक आहेत, पण साध्या टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने जमतं.

सहावी पायरी: गंधक, मोरचूद आणि पाऊस

नाशिकसाठी डिझाइन करणाऱ्याला परदेशी मार्गदर्शिकांमध्ये न सापडणारा प्रश्न हा. द्राक्षबागेत भुरीसाठी गंधक फवारतात, पावसाळ्यात आणि छाटणीनंतर बोर्डो मिश्रण मारतात, ज्यात मोरचूद आणि चुना असतो. गंधक तांब्याला आणि चांदीला काळं करतं. सोन्याचा मुलामा फार पातळ असेल तर त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून गंज खाली पोचतो आणि कॉन्टॅक्टवर पसरतो. मोरचुदाचं पाणी तर वीज वाहून नेणारं, ते दोन पिनांमध्ये साचलं की व्होल्टेजखाली धातू झिजवतं.

म्हणून डेटाशीटमध्ये मुलाम्याची ओळ शोधा. "गोल्ड फ्लॅश" लिहिलं असेल तर तो जेमतेम रंग चढवल्याइतका. ०.७६ मायक्रॉन, म्हणजे ३० मायक्रोइंच असेल तर तो खरा मुलामा. टेबलावरच्या यंत्राला फ्लॅश चालतो, बागेतल्या यंत्राला नाही. यूएसबी-सीचं प्रमाण दहा हजार वेळा लावण्या-काढण्याचं आहे, तर जुन्या मोठ्या ए-सॉकेटला दीड हजारांचं. पण हा आकडा स्वच्छ प्रयोगशाळेतला, चिखलातला नव्हे.

आयपी६७ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाणी अडवणारी, सॉकेट मिळतात. त्यांच्या तोंडाभोवती रबरी कडी असते आणि मागची बाजू बंद असते. साध्या सॉकेटच्या मागच्या फटींतून पाणी सरळ बोर्डावर उतरतं, इथे ते थांबतं. पण कडी डब्याच्या आतल्या भिंतीवर दाबली गेली तरच तो दर्जा खरा, म्हणजे पुन्हा बोर्ड आणि भिंत यांतलं अंतर आलं. शिवाय पाणी बोर्डात गेलं नाही तरी तोंडात साचतंच. रबरी टोपी द्या, आणि ती डब्याला दोरीने बांधलेली द्या, सुटी टोपी पहिल्याच आठवड्यात मातीत जाते.

ओल्या तोंडात गंज किती वेगाने धरेल हे तिथे व्होल्टेज उभं आहे का यावर ठरतं. सी-टू-सी केबलमध्ये चार्जर समोरचं यंत्र ओळखेपर्यंत व्हीबस कोरडा ठेवतो. ए-टू-सी केबलमध्ये ५ व्होल्ट कायम उभे. पण आपल्या हातातली गोष्ट दुसरी आहे: काही चार्जिंग सर्किटांमध्ये सेलचं व्होल्टेज उलटं गळत व्हीबसपर्यंत येतं. मग केबल नसतानाही रिकाम्या सॉकेटवर दिवसरात्र व्होल्टेज बसून राहतं आणि पावसाळ्यात पिना हिरव्या होतात. मीटर लावा. केबल काढल्यावर व्हीबस शून्याकडे गेलाच पाहिजे. जात नसेल तर अडवणारा डायोड किंवा मॉस्फेट टाका, आणि व्हीबस ते ग्राउंड एक रेझिस्टर.

सातवी पायरी: करंट, झटके आणि संरक्षण

चार व्हीबस पिना असलेल्या सॉकेटला प्रमाण ५ अँपिअर झेलायला सांगतं, पिनेला १.२५. केबलच्या बाजूने ३ अँपिअरच्या वर जायचं तर ई-मार्कर असलेली केबल लागते. लॉगरला यातलं काही नको. सॉकेटपासून निघणारा तांब्याचा पट्टा रुंद ठेवा एवढंच.

झटक्याचं मात्र लॉगरलाही लागू. केबल लावताक्षणी केबलचा इंडक्टन्स आणि बोर्डावरचे सिरॅमिक कॅपॅसिटर मिळून व्हीबसवर उसळी येते, ती चार्जरच्या व्होल्टेजच्या जवळजवळ दुप्पट जाऊ शकते. म्हणजे ५ चे क्षणभर १० च्या आसपास. टीपी४०५६ सारख्या चार्जिंग चिपची कमाल मर्यादा आहे ८ व्होल्ट. चिप "आपोआप" जळाल्याच्या तक्रारींमागे हे कारण तपासून बघा. सॉकेटजवळ व्हीबसवर टीव्हीएस डायोड (अशी उसळी गिळणारा) लावा, आणि सॉकेटपाशी कॅपॅसिटर १० मायक्रोफॅरडच्या आतच ठेवा, प्रमाणही तेच सांगतं. डेटा लाइनवर एसटीचा यूएसबीएलसी६-२ किंवा त्याच्या तोडीचा ईएसडी डायोड, सॉकेटला चिकटून. चिपच्या बाजूला लावलेला ईएसडी डायोड शोभेचा.

पीडी (पॉवर डिलिव्हरी, चार्जरशी बोलून जास्त व्होल्टेज मागण्याची पद्धत) घेऊन ९, १५ किंवा २० व्होल्ट मागणार असाल तर वेगळी सावधगिरी. ए५ वरचा सीसी हा ए४ वरच्या व्हीबसला अगदी खेटून आहे, मधे अर्धा मिलिमीटर. प्लग तिरका ओढला किंवा आत धातूचा कण पडला तर २० व्होल्ट थेट सीसीवर येतात. सीसीची चिप ५ व्होल्टवाली असेल तर गेली. तिथे २० व्होल्ट सोसणारी चिप किंवा मधे संरक्षक चिप हवीच. २०२१ च्या पीडी ३.१ ने ४८ व्होल्ट आणि २४० वॉटपर्यंत वाट मोकळी केली आहे, त्या भानगडीत पडणार असाल तर सॉकेटच्या डेटाशीटवर तसा व्होल्टेजचा स्पष्ट आकडा असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेल ग्राउंडला थेट जोडावं की रेझिस्टर-कॅपॅसिटरमधून, यावर इंजिनीअर रात्रभर भांडू शकतात. प्लास्टिकच्या डब्यातल्या, सेलवर चालणाऱ्या यंत्रात मी थेट जोडतो. धातूचा डबा अर्थ केलेला असेल तर दोन्हींसाठी पॅड ठेवा आणि चाचणीनंतर ठरवा.

आठवी पायरी: असेंब्लीवाल्याशी बोलणं

पॅनेलमध्ये बोर्ड शेजारी-शेजारी लावताना सॉकेटचं नाक कडेच्या बाहेर येतं हे विसरू नका, ते शेजारच्या बोर्डावर चढतं. त्या कडेला व्ही-ग्रूव्ह (तोडण्यासाठी पाडलेली सरळ चीर) नको, राउटिंग करून मोकळी जागा ठेवा आणि तोडायच्या पट्ट्या सॉकेटपासून लांब घ्या. स्टेन्सिल, म्हणजे सोल्डर पेस्ट लावायचा भोकांचा पत्रा, ०.१ ते ०.१२ मिमी. पायांच्या खाचांवरही पेस्ट पाडून रीफ्लोमध्येच (पेस्ट वितळवणाऱ्या भट्टीतच) पाय सोल्डर होतात, पण खाच पूर्ण भरली का ते खालून बघायला सांगा. कमी वाटलं तर हाताने भर घालायची.

सॉकेटचं आतलं प्लास्टिक एलसीपीचं असावं, ते रीफ्लोची उष्णता सहज सोसतं. हलक्या प्रतीचं प्लास्टिक वितळत नाही, नुसतं थोडं वाकतं, आणि मग प्लग घट्ट जातो.

बागेतल्या बोर्डांना आपण कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओलावा अडवणारा पातळ लेप, करतो. फवारताना सॉकेटचं तोंड बंद करतात, पण कोटिंग मागच्या फटीतून केशाकर्षणाने आत चढतं आणि कॉन्टॅक्टवर अदृश्य थर बसतो. मागची बाजूही टेपने झाका, किंवा सॉकेटच्या मागे काही मिलिमीटर पट्टी कोरी सोडा.

नववी पायरी: मंजुरीआधीची चाचणी

एमजी रोडवरून तऱ्हेतऱ्हेच्या केबल आणि चार्जर घेऊन या: स्वस्त ए-टू-सी, साधी सी-टू-सी, १०० वॉटची ई-मार्कर असलेली सी-टू-सी, जाड मुठीची एखादी. चार्जरही एक साधा, एक पीडीवाला, एक लॅपटॉपचा. प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी, प्लग उलटा करून, लावा. सीसीवर तिसऱ्या पायरीतले आकडे येतात का बघा. पूर्ण करंटवर सॉकेटपाशी व्हीबस किती उतरतो ते मोजा. सेल पूर्ण उतरवून चार्ज होतो का ते वेगळं बघा, ही चाचणी सगळेच विसरतात.

मग डबा बंद करून केबलच्या टोकाला चारी दिशांनी ओढा, डेटा चालू असताना. जोडणी तुटते का, आणि शेवटी डबा उघडून पायांच्या सोल्डरला भिंगाखाली तडा दिसतो का ते बघा. उघड्या बोर्डावर केलेली ही चाचणी काही सांगत नाही.

दहावी पायरी: खरेदी

मालाच्या यादीत नुसतं "टाइप-सी १६ पिन" लिहू नका. तसं लिहिलं की खरेदीवाला त्या दिवशी जे स्वस्त मिळेल ते आणतो, आणि त्यात त्याची चूक नसते. पूर्ण पार्ट नंबर लिहा, त्याच फूटप्रिंटवर बसवून तपासलेला दुसरा पार्ट नंबर लिहा, आणि "याशिवाय दुसरं चालणार नाही" असंही लिहा.

माल युरोपात जाणार असेल तर तिथला यूएसबी-सी सक्तीचा नियम पाहा. मोबाइल, टॅबलेट, कॅमेरा, हेडफोन अशा ठरावीक यादीतल्या वस्तूंना तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे, लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. ओलाव्याचा लॉगर त्या यादीत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने यूएसबी-सीचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आयएस/आयईसी ६२६८०-१-३ म्हणून स्वीकारलं आहे. गिऱ्हाइकाच्या टेंडरमध्ये हा क्रमांक दिसला तर सॉकेटच्या उत्पादकाकडून त्याला धरून चाचणी अहवाल मागवा.

नवी खेप आली की रीळ असेंब्लीला देण्याआधी चार-पाच सॉकेटं काढून मंजूर नमुन्याशेजारी ठेवा. पायांची लांबी, खुंट्या, जिभेवरच्या मुलाम्याचा रंग आणि शेलची मागची जोडरेषा जुळते का बघा. जुळत नसेल तर रीळ परत.